आक्का, मधली खिडकी उघडी होती

आक्का,

तू गेल्यापासून सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलतायत, त्यामुळे मला तुझ्याशी भांडायची सोय राहिलेली नाही. भेटायला येणारी माणसं ओटीवर बसतात, चहा घेतात आणि "रत्नागिरीचं नाव काढलंन हो" म्हणून उठतात. मी मान हलवतो. तुझ्या शाळेतून फोटो मागायला आले होते. मी त्यांना तुझा तो कानटोपीतला फोटो देणार होतो, माझ्या कोल्डरूममध्ये काढलेला, नाक लाल झालेला. सुनंदाने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि पैठणीतला दिला. पैठणीतली ती बाई मला काही ओळखीची वाटत नाही.

तर भांडण राहू दे. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगायला मला पाच आठवडे मिळाले होते, आणि त्या पाच आठवड्यांत मी रोज दोन वेळा तुझ्यासमोर बसत होतो. सकाळी पेज घेऊन आणि संध्याकाळी औषधं घेऊन. तरी सांगितली नाही. आता तू ऐकायला नाहीस तर मी कागद घेऊन बसलोय, म्हणजे माझं धैर्य किती ते बघ.

सुरुवातीपासून सांगतो, कारण सुरुवातीला मी तुझ्यावर रागावलेलोच होतो. तू निवृत्त होऊन आलीस ती दोन ट्रंका आणि एक गादीत गुंडाळलेलं खोकं घेऊन. बत्तीस वर्षं रॉकेटच्या इंजिनांच्या मागे दक्षिणेत काढलीस आणि आल्या दिवशी हातपाय धुवायच्या आधी मला विचारलंस, "विनू, तुझी कोल्डरूम किती खाली जाते रे?" मी म्हटलं, आक्का, तब्येत विचार, पोरीचं विचार. तू म्हणालीस, ते जेवताना विचारते. आठ दिवसांत मिरजोळ्याच्या माझ्या दोन गाळ्यांपैकी एक तू घेऊन टाकलास. माझे रिकामे क्रेट बाहेर, तुझं खोकं आत. दुसऱ्या गाळ्यात माझी कोल्डरूम, दोन्ही गाळ्यांच्या मध्ये जांभ्याची भिंत, आणि त्या भिंतीत आंब्याच्या रसाचे डबे इकडून तिकडे द्यायची ती मधली खिडकी. तेव्हा मला त्या खिडकीचं काहीच वाटलं नव्हतं.

तुझं इंजिन सुनंदाला एका सकाळी कळलं आणि मला तीन दिवस लागले. ती तांदूळ निवडत होती आणि तू तिला सांगत होतीस की रॉकेट वर जातं ते स्वतःचा ऑक्सिजन पाठीवर घेऊन, आणि त्या ऑक्सिजनचंच ओझं सगळ्यात जास्त. "आता बघ सुनंदा, लांज्याला चालत जायचं तर कुणी पाण्याचे हंडे डोक्यावर घेऊन निघतं का? वाटेत विहिरी आहेत की." खाली हवा आहे तोवर हवेतलाच ऑक्सिजन ओढून घ्यायचा, हे तुझं म्हणणं. ओझं कमी झालं की तेच वाहन पुन्हा पुन्हा वापरता येईल, आणि वर जाणं आज आहे तसं मोजक्या श्रीमंत देशांचं राहणार नाही. सुनंदाने विचारलं, "आणि विहिरी संपल्यावर, वन्सं?" तू इतकी खूश झालीस की तिच्या हातातलं सूप काढून घेऊन स्वतः निवडायला बसलीस. विहिरी संपल्यावर पुढच्यापुरतं थोडं पाणी बरोबर, म्हणालीस. तू निवडलेले तांदूळ नंतर सगळे पुन्हा निवडावे लागले.

मला अडचण मात्र पहिल्या दिवशी कळली, कारण तो माझाच धंदा. इतक्या वेगाने आत शिरणारी हवा भयंकर तापते, आणि ती डोळ्याचं पातं लवायच्या आत थंड करायची तर बारीक बारीक नळ्यांच्या जुडग्यातून न्यावी लागते, नळ्यांच्या आत भलतंच थंड काहीतरी खेळवावं लागतं. आणि हवेत ओलावा असला की त्या नळ्यांवर बर्फ धरतो, फटी बुजतात, इंजिनाचा श्वास बंद. माझ्या कोल्डरूमच्या कॉइलवर, म्हणजे थंड नळ्यांच्या वेटोळ्यावर, रोज हेच होतं. बाबांच्या मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यापासून मी दुसरं केलंय काय? बर्फ पाडायचा आणि नको तिथला बर्फ खरवडायचा. तू कानटोपी घालून माझ्या कॉइलसमोर तासभर उभी राहिलीस, बर्फ कुठून धरायला लागतो ते बघत, आणि बाहेर आल्यावर म्हणालीस, "मी जगभर हिंडले आणि बर्फ कळणारा माणूस घरातच होता." आयुष्यात तू माझं एवढं कौतुक कधी केलं नव्हतंस. ते वाक्य मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

म्हणून मग मी अडकलो. कोल्हापूरहून द्रव नायट्रोजनचे पिंप आणणं माझ्याकडे, नळ्यांचं जोडकाम माझ्याकडे, पंखा माझा, वीज माझी. आपण त्या सगळ्या सांगाड्याला 'नाक' म्हणायला लागलो. पुढे मोठा पंखा, मग हवा तापवणारा हीटर, मग नळ्यांचं जुडगं. पंख्याचं तोंड मागच्या भिंतीशी, मधल्या खिडकीच्या खाली, कारण पुढून रस्त्याची धूळ येते. हवेतला ओलावा दाखवणारा डबा पुढच्या दाराशी टांगलेला. हे सगळं मी एवढ्या तपशिलात का सांगतोय ते तुला लगेच कळेल, मांडणी तुझीच होती.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात नाक पहिल्यांदा चालवलं आणि मिनिटभरही टिकलं नाही. पंख्याचा आवाज आधी भरदार असतो, मग बारीक होत जातो, मग शीळ घालतो. तू वहीत लिहिलंस, 'चोंदलं.' मग पुन्हा चोंदलं, आणि पुन्हा. मी म्हणत होतो, आक्का, ही हवा या कामाची नाही. इथे मीठ सुद्धा डब्यात पाणी सोडतं. वर देशावर कुठेतरी कोरड्यात गाळा बघू. तुझं एकच उत्तर: इथे श्वास घेतला तर ते कुठेही घेईल. मला ते उत्तर तेव्हा हट्टाचं वाटायचं आणि अजूनही वाटतं.

आणि तुझा तो नियम. चाचणी संपली की वही भरून होईपर्यंत शेडमध्ये कुणी बोलायचं नाही. माणूस बोलायला लागला की त्याला जे हवं ते दिसायला लागतं, म्हणून आधी लिहायचं, मग बोलायचं. तू लांब वहीच्या रकान्यांत एकेक आकडा भरत बसायचीस, आणि मी आणि सुनंदा शाळेत शिक्षा झाल्यासारखे उभे. एकदा सुनंदाला शिंक आली तर तू डोळे वटारलेस. तुझ्या अक्षराशिवाय त्या वहीत कुणाचं अक्षर नव्हतं.

गेल्या श्रावणात दुपारी ओटीवर आपलं जुंपलं, ते तुला आठवत असेल. विषय होता नळीच्या जोडाचा, पण मी भलतीकडेच गेलो. मी म्हटलं, तू गेलीस म्हणून मला राहावं लागलं. मला बोटीवर जायचं होतं, मरीनला प्रवेश झाला होता. त्याच वर्षी कारखान्यात अमोनियाची नळी फुटली, वायू बाबांच्या छातीत गेला, आणि तुझी परीक्षा होती म्हणून तुला कळवलंसुद्धा चार दिवसांनी. तेव्हापासून मी आहे तो थंड खोलीत. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "तुला कुणी बांधून ठेवलं होतं?" तेवढ्यात कंप्रेसर बंद पडल्याचा फोन आला आणि मी चपला घातल्या. ते उत्तर द्यायचं राहिलं. तूही पुन्हा विचारलं नाहीस.

दिवाळीनंतर तुझी छाती गेली. डॉक्टरांनी सांगितलं फुप्फुसं घट्ट होत चाललीत, ऑक्सिजन लागेल. घरात ते घरघरणारं यंत्र आलं, आणि बाहेर जाताना चाकाच्या गाडीवरचं सिलिंडर. तू ते ओढत शेडमध्ये आलीस आणि नाकासमोर उभी राहून हसलीस. "बघ विनू, जन्मभर सांगितलं की ऑक्सिजन पाठीवर घेऊन जाऊ नका. आता बघ कोण नेतंय." सुनंदा आत जाऊन रडली. मी सिलिंडरची चाकं पुसली, दुसरं काय करणार.

पण स्पिरिट आणि ऑक्सिजन एका छपराखाली नको, हाही तुझाच नियम. चोंदण्यावर तू शोधलेला उपाय म्हणजे नळ्यांच्या मध्ये स्पिरिटचा अगदी बारीक फवारा, नेमक्या त्या ओळीवर जिथे पाणी गोठायला लागतं. ती ओळ मी दाखवली होती, हे इथे लिहून ठेवतो. म्हणजे चाचणी असली की तुझं सिलिंडर बाहेर पायरीवर, आणि तू आत, नळीशिवाय, खुर्चीवर. चार-पाच मिनिटांचा प्रश्न आहे, म्हणायचीस. त्या चार-पाच मिनिटांत तुझे ओठ कसे दिसायचे ते तुला कुठे दिसत होतं?

आता त्या दिवसाचं. फाल्गुन संपत आलेला, वारा पडलेला, पत्रा तापलेला. रसाचा हंगाम सुरू व्हायचा होता, म्हणून माझी कोल्डरूम रिकामी होती आणि मी ती नुकतीच थंड करत आणली होती. तू खुर्चीवर घामाने निथळत होतीस, पदराने वारा घेत होतीस आणि श्वास वरच्या वर चालला होता. मी म्हटलं, आज नको. तू हाताने खूण केलीस, चालू कर. हीटर चालू झाला तशी उकाड्यात आणखी भर पडली. मला तुझ्याकडे बघवेना. मी मागून गेलो आणि मधली खिडकी हातभर सरकवली, तुला जरा गार लागावं म्हणून. एवढंच डोक्यात होतं. बर्फ, ओलावा, पंखा, काही म्हणजे काही डोक्यात नव्हतं. चाळीस वर्षं थंडीचा धंदा केलेल्या माणसाच्या.

नाक चाललं. मिनिट झालं, दोन झाली. पंख्याचा आवाज भरदारच. तीन झाली तेव्हा सुनंदाने माझा दंड धरला. चार मिनिटांनी नायट्रोजनचं पिंप संपलं म्हणून आपणच बंद केलं, नाक चोंदलं म्हणून नव्हे. तू वही ओढलीस. आम्ही नियमाप्रमाणे गप्प. आणि त्या गप्प उभं राहण्यात माझी नजर मागे गेली. खिडकीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या अजून आपल्या बाजूला हलत होत्या, आणि पंख्याचं तोंड बरोबर त्यांच्या खाली. थंड खोलीतल्या हवेत ओलावा नसतो, तो सगळा माझ्या कॉइलवर आधीच गोठून बसलेला असतो. हे माझ्यापेक्षा चांगलं कुणाला माहीत असणार? तुझ्या नाकाने चार मिनिटं रत्नागिरीची हवा ओढलीच नव्हती. ती माझी हवा होती, बर्फातली, कोरडी. ओलाव्याचा डबा पुढच्या दाराशी, त्याला हे कळणारच नव्हतं.

मी चार पावलं मागे गेलो आणि खिडकी ओढून घेतली. तू लिहीत होतीस, मान खाली होती. वही मिटलीस, चष्मा काढलास आणि पहिलं वाक्य बोललीस ते हे:

"आज गार वाटलं रे शेडमध्ये."

मी म्हटलं, "खाडीचा वारा होता, आक्का."

झालं, एवढंच. याच्यासाठी मी कागद घेऊन बसलोय.

त्या दिवशी घरी आल्यावर तू सुनंदाला घावनं करायला सांगितलीस, नारळाच्या रसाबरोबर. महिनाभर तू दोन घासांवर उठत होतीस. त्या दिवशी तीन घावनं खाल्लीस, बोटं चाटलीस आणि हैदराबादला श्रुतीला फोन लावलास. तुझ्या हाताखाली शिकलेली ती नागपूरची मुलगी, आता तिची स्वतःची छोटी कंपनी आहे. फोनवर तू तिला चार मिनिटांचं सांगत होतीस आणि मध्येच धाप लागली तर फोन माझ्याकडे दिलास, पुढचं तू सांग म्हणून. मी सांगितलं. माझ्या तोंडाने सांगितलं, आक्का. त्यानंतर सांगायचं तर दोघींना सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तू घरच्या खिडकीशी बसून नव्या मोठ्या नाकाचं चित्र काढत होतीस. डॉक्टरकडे जाताना गाडीत सांगू म्हटलं, तर तू मला म्हणालीस की आता मी मेले तरी चालेल, आणि हसलीस. माणसाने अशा वेळी काय करायचं? खरं सांगून तुझे ते पाच आठवडे काढून घ्यायचे? की गप्प राहून तुला खोट्यावर खूश ठेवायचं, तुला, जी एका दशांशासाठी मला अर्धा दिवस उभं करायची? मला दोन्ही जमत नव्हतं, म्हणून मी पेज भरवत राहिलो. शेवटच्या आठवड्यात इस्पितळात तू माझं मनगट धरून म्हणालीस, नाक बंद पडू देऊ नकोस. मी हो म्हटलं. त्या हो-मध्ये किती काय होतं ते तुला कळलं नसावं, असं मला तेव्हा वाटत होतं.

गेल्या सोमवारी श्रुती आली. टेंपो घेऊन, दोन माणसं घेऊन. नाक हैदराबादला न्यायचं, मोठं बांधायचं, त्यावर तुझं नाव घालायचं, असं तिने ठरवलेलं. तुझ्या फोटोसमोर बसून रडली आणि मग पिशवीतून कागद काढले. चाचणी माझ्यासमोर झाली आणि वहीतल्या नोंदी बरोबर आहेत, असा एक कागद. त्यावर साक्षीदार म्हणून माझी सही. तिच्या कंपनीत पैसे घालणारी माणसं या कागदाची वाट बघत होती.

आणि आक्का, माझं खरं काय होतं ते सांगतो. मला ती सही करायची होती. नाक गेलं असतं, गाळा रिकामा झाला असता, आंब्याच्या हंगामानंतर मी दोन्ही गाळे देऊन टाकणार होतो. सुनंदाला पुण्याला पोरीजवळ राहायचंय, किती वर्षं म्हणतेय. गुडघे थंडीने गेलेत माझे. चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा मला बाहेरचं दार उघडं दिसत होतं, आणि त्याला लागत होती फक्त एक सही. तुझं नाव राहिलं असतं, श्रुती खूश, मी मोकळा. कुणाला कळलं असतं? खिडकीला तोंड नाही.

पेन हातात घेतलं. पुढे माझं नाव छापलेलं होतं, त्याच्यावर रेघ होती. मी त्या रेघेकडे बघत बसलो आणि मला ती नवी माणसं दिसली, हैदराबादची पोरं, तुझ्या चार मिनिटांवर विश्वास ठेवून मोठं नाक बांधणारी आणि वर्षभर डोकं धरून बसणारी की ते का चोंदतंय. पेन खाली ठेवलं.

"श्रुती," मी म्हटलं, "त्या दिवशी मधली खिडकी उघडी होती."

सुनंदा चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. तिलाही मी सांगितलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, तुझ्या घामापासून खाडीच्या वाऱ्यापर्यंत. श्रुतीने तुझी वही उघडली, त्या दिवसाचं पान काढलं आणि हीटरच्या रकान्यावर बोट ठेवलं. इतर दिवसांपेक्षा हीटरने त्या दिवशी कितीतरी जास्त वीज ओढली होती. अर्थात ओढणार, बर्फातली हवा तापवायची म्हणजे. आकडा तुझ्याच अक्षरात, जसाच्या तसा.

"मॅडमनी आकडे पाठवले तेव्हा मी फोनवर विचारलं होतं काका, की हा आकडा असा का," ती म्हणाली. "त्या एवढंच म्हणाल्या, विनूला विचार."

मी विचारलं, कधी? तू इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी. मग तू गेलीस, आणि असल्या दिवसांत मला आकड्याचं काय विचारायचं म्हणून तिने विचारलं नाही.

आक्का, म्हणजे तू बघितलं होतंस. मनगट धरलंस तेव्हा तुला माहीत होतं. तूही मला सांगितलं नाहीस, आणि मी तुला सांगितलं नाही, आणि आपण दोघं पाच आठवडे एकमेकांना पेज भरवत आणि भरवून घेत बसलो. मला तुझा इतका राग आला की मी उठून कोल्डरूममध्ये गेलो आणि रसाच्या पिंपांमध्ये उभा राहिलो. तिथे रडलेलं कुणाला दिसत नाही, डोळ्यांतून थंडीनेही पाणी येतंच. तू सांगितलं असतंस तर निदान मिळून हसलो तरी असतो. नियम नियम करणारी बाई, आणि बरोबर त्याच दिवशी शेऱ्याचा रकाना तू कोरा सोडलास. तो माझ्यासाठी सोडला होतास ना?

बाहेर आलो तर श्रुतीने टेंपोवाल्यांना थांबवून ठेवलं होतं. तिने वाटेत कोल्हापूरहून नायट्रोजनचं पिंप भरून आणलं होतं. मी मधली खिडकी लावली, आडवी पट्टी घातली, पट्टीला बोल्ट मारला. सुनंदाने तुझी खुर्ची भिंतीशी सरकवून ठेवली. नाक चालू केलं, फवारा सोडला. बाहेर मे महिन्याचं रत्नागिरी होतं, अंगावरचा घाम वाळत नाही असं. मिनिट झालं. गेल्या मे महिन्यात याच्या आधीच संपलं होतं. दीड झालं, आवाज भरदार. दोन मिनिटं होऊन गेल्यावर तो बारीक व्हायला लागला, मग शीळ, मग मी बंद केलं.

चोंदलं, आक्का. पण गेल्या वर्षीच्या दुपटीहून जास्त टिकून चोंदलं. चार मिनिटं माझ्या बर्फाची होती. ही दोन तुझी आहेत, याच हवेतली, याच ओलाव्यातली. श्रुती काहीतरी बोलणार होती, सुनंदाने तोंडावर बोट ठेवून तिला थांबवलं. वही कोण भरणार म्हणून आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. शेवटी मी बसलो. माझं अक्षर तुला माहीत आहे. एकेक आकडा भरला, आणि मग तुझ्या त्या दिवसाच्या कोऱ्या रकान्यात लिहिलं, 'मधली खिडकी हातभर उघडी होती. विनायक.' मग आम्ही बोललो.

श्रुती टेंपो रिकामा घेऊन परत गेली. दोन मिनिटांवर तिची पैसे घालणारी माणसं मोठं नाक बांधायला तयार होतील असं तिला वाटत नाही. ती त्यांना खरं सांगणार आहे, आणि पावसानंतर पुन्हा येईन म्हणालीय. येईल की नाही, मला माहीत नाही. फवाऱ्याची ती एक ओळ कागदावर उतरवून घेऊन गेली. नाक इथेच आहे, ताडपत्रीखाली. गाळा भरलेला आहे. संध्याकाळी सुनंदाने कपबशा विसळता विसळता विचारलं, "म्हणजे आपण इथेच?" मी हो म्हटलं. तिने कपबशा जरा जोरात ठेवल्या.

तर तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर. नाही, मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. परवा पेन माझ्या हातात होतं, दार समोर होतं, आणि मीच ते लावून घेतलं. तेव्हा बाबांच्या वेळीही बहुतेक असंच झालं असणार. तरी अडकलोय तो अडकलोयच, हे उत्तर मिळाल्याने गुडघे काही दुखायचे थांबत नाहीत. तुझ्यावर ढकलायची सोय मात्र गेली, तेवढा तोटा झाला.

आज सकाळी नायट्रोजनची मागणी कळवली. फवाऱ्याची ओळ अजून दोन बोटं पुढे घ्यावी असं मला वाटतं, तू असतीस तर नाही म्हणाली असतीस. खिडकीचा बोल्ट घट्ट आहे, मी रोज बघतो. पण तुला एक सांगून ठेवतो. तू पुन्हा त्या खुर्चीवर तशी बसलीस, घामाने निथळत, ओठ निळे करून, तर मी तो बोल्ट काढीन आणि खिडकी पुन्हा उघडीन, हातभर नाही, पूर्ण. फक्त या वेळी वहीत लिहीन.

तुझा,
विनू